सोसायटीच्या मागच्या भिंतीला धोतरा उगवलाय. उपटायचा की ठेवायचा?

राडारोडा | सोमवार, रात्री ९:४२

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला. उन्हाळ्यात मागची भिंत पाडून नवी बांधली आणि कंत्राटदार फुटक्या विटा, माती सगळं तिथंच सोडून पसार झाला. पाऊस लागल्यावर त्या ढिगावर आधी टाकळा आला, मग आघाडा, आणि आता त्या सगळ्यांच्या डोक्यावरून धोतरा वर आलाय. चांगला कमरेएवढा. संध्याकाळी पांढरी, लांबलचक कर्ण्यासारखी फुलं उमलतात. दिसतात सुरेख, हे कबूल करायला हवं.

भानगड अशी की पोरांचं क्रिकेट त्याच बाजूला चालतं आणि बॉल नेमका त्या झुडपांत जातो. सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, विषारी आहे, उद्याच्या उद्या उपटा. दुसरा म्हणतो, शंकराचं झाड आहे, श्रावणात हात लावायचा नाही, शिवाय गणपतीला पत्री लागतेच. सेक्रेटरींनी तिसराच तोडगा काढलाय: वॉचमनला सांगून अ‍ॅसिड ओततो.

जाणकारांनी सांगावं. हे झाड नक्की किती विषारी? नुसत्या स्पर्शाने काही होतं का? की आपण उगाच बाऊ करतोय?

चाळकरी | सोमवार, रात्री ९:५८

उपटा आणि मोकळे व्हा. शंकराला बेल चालतो.

सोनटक्का | सोमवार, रात्री १०:१५

अहो, विषारी म्हणून उपटायला निघालात तर सोसायटीची निम्मी बाग उपटावी लागेल. गेटजवळ पिवळी कण्हेर आहे का? तिच्या बीने माणसं दगावतात. रातराणी लावलीय का कुणी खिडकीत? तीही धोतऱ्याच्याच कुळातली आणि तिची फळंही खाण्यासारखी नाहीत. त्याच कुळात तुमचा बटाटा, वांगं, टोमॅटो, मिरची आणि तंबाखू. हिरवा पडलेला बटाटा आपण कापून टाकतोच ना?

माझं म्हणणं एवढंच की माहीत असलेल्या झाडाशी जपून वागता येतं. अ‍ॅसिड मात्र कृपा करून ओतू नका. पोरं खेळतात त्या जागी अ‍ॅसिड, ही कुठली सुरक्षितता!

पतंग्या | सोमवार, रात्री ११:०४

फोटो टाका आधी. ‘धोतरा’ या एकाच नावाखाली मुंबईत निदान दोन वेगळ्या जाती फिरतात.

रुळांच्या कडेला, नाल्याकाठी, बांधकामाच्या ढिगावर जो रानात वाढल्यासारखा दिसतो तो बहुतेक वेळा डाटुरा इनॉक्सिया. पानं करडसर हिरवी, हात फिरवला तर मखमली लव लागते. बोंड खाली मान घालून लोंबतं आणि त्यावर बारीक लांब काट्यांची दाटी असते. दुसरा डाटुरा मेटेल. त्याला लव जवळजवळ नसतेच आणि बोंडावर काट्यांऐवजी आखूड, बोथट टेंगळं असतात. देवळांच्या आवारात जांभळ्या, कधीकधी एकात एक फुलं असलेला ‘काळा धोतरा’ दिसतो तो हाच. तिसरा स्ट्रॅमोनियम. त्याचं बोंड ताठ वर तोंड करून असतं आणि वाळलं की चार फाकांत सरळ उकलतं. तो डोंगराळ, थंड मुलखात जास्त. विषाच्या बाबतीत तिघांत डावं-उजवं करण्यात अर्थ नाही.

आणि बंगल्यांच्या बागेत ज्याची फुलं घंटेसारखी खाली लटकतात ते झाड धोतरा नव्हे, ब्रुगमान्सिया. ते दक्षिण अमेरिकेतलं, मूळ रानात आता कुठंच उरलेलं नाही, फक्त बागांतून जगतंय. नात्याने चुलतभाऊ, आणि विषारीही तितकंच.

उपटण्याआधी एकदा रात्री टॉर्च घेऊन खाली जाच. फूल संध्याकाळी उमलतं, दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मलूल होतं, म्हणजे सगळा कारभार रात्रीचा. त्याच्या लांब नळीच्या तळाशी मध असतो आणि तिथवर सोंड पोचते ती हॉकमॉथ पतंगांची. फुलापुढे हवेत स्थिर राहून मध पितात. पानं खालून उलटून पाहा. बोटाएवढी जाड, तिरप्या पट्ट्यांची, शेपटाशी शिंग असलेली अळी दिसली तर ती अ‍ॅकरॉन्शिया स्टिक्सची असू शकते. तो पतंग म्हणजे ज्याच्या पाठीवर कवटीसारखी खूण असते तो. पकडला तर चिरकतो, आणि मधमाश्यांच्या पोळ्यात घुसून मध चोरतो. पानांची जाळी झाली असेल तर ते काम अठ्ठावीस ठिपक्यांच्या भुंग्याचं. तोच वांग्यावरही येतो, त्याला कुळाची पक्की ओळख आहे.

राडारोडा | मंगळवार, सकाळी ८:२०

फोटो टाकलेत. बोंडं लोंबती, काटेरी. पानांना लव आहे.

पतंग्या | मंगळवार, सकाळी ८:३१

इनॉक्सिया. शंका नाही.

निशाचर_डॉक्टर | मंगळवार, दुपारी ३:१०

रात्रपाळी करून झोप काढली, आता सविस्तर लिहितो. बरीच वर्षं कॅज्युअल्टीत आहे, त्यामुळे हा पाहुणा ओळखीचा.

विष झाडाच्या प्रत्येक भागात असतं: मूळ, पान, फूल, बी. बिया आणि फुलं त्यात पुढे. द्रव्यं तीन लक्षात ठेवा: अ‍ॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन. आपल्या शरीरात असिटिलकोलीन नावाचा निरोप्या असतो. लाळ, घाम, आतड्याची हालचाल, लघवी, डोळ्याची बाहुली लहान होणं, हृदयाची गती आवरणं, ही सगळी कामं त्याच्या निरोपावर चालतात. ही द्रव्यं त्याची जागा अडवून बसतात आणि निरोप पोचतच नाही.

म्हणून पेशंट कसा येतो? तोंड इतकं कोरडं की गिळता येत नाही, बोलणं बोबडं. कातडी लाल, तापलेली आणि घामाचा टिपूस नाही. बाहुल्या पार विस्फारलेल्या, उजेड सहन होत नाही, जवळचं दिसत नाही. नाडी धावतेय. पोट फुगलेलं, लघवी तुंबलेली. चालताना झोकांड्या, त्यामुळे नातेवाईकांना आधी वाटतं दारू प्यायलाय. आणि मग भ्रम. पुटपुटत राहतो, समोर नसलेल्या माणसाशी गप्पा मारतो, बोटांच्या टोकांतून न दिसणारे दोरे ओढून काढत बसतो. हे दोरे ओढणं एकदा पाहिलं की विसरत नाही. पुस्तकात वाचलं होतं तेव्हा लेखकाने मीठमसाला लावलाय असं वाटायचं, नव्हता लावला.

साधारण अर्ध्या-एक तासात सुरुवात होते आणि एक-दोन दिवस चालतं, बाहुल्या त्याहून जास्त दिवस मोठ्या राहू शकतात. इतका वेळ का, तर हे विष आतड्याचीच चाल मंदावतं. पोटातला माल तिथंच रेंगाळतो आणि सावकाश शोषला जात राहतो. ताप चढणं, झटके येणं, हृदयाचे ठोके बिघडणं, यातून माणूस दगावतो. लहान मुलांना धोका जास्त.

‘किती खाल्लं तर?’ हा प्रश्न मला नेहमी येतो आणि मी त्याचं उत्तर देत नाही. लपवायचं म्हणून नव्हे. एका झाडात आणि शेजारच्या झाडात, एकाच झाडाच्या कोवळ्या नि जून पानात, पावसात नि उन्हाळ्यात प्रमाण बदलतं. आकडा सांगितला की माणूस त्याच्या खाली राहायचा हिशेब करतो आणि तो हिशेब चुकतो.

कुणी खाल्लं असं वाटलं तर: तोंडातलं काढून टाका, चूळ भरायला लावा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. चिंच, ताक, दूध, लिंबू यांनी हे विष उतरत नाही, नुसता वेळ जातो. भ्रमिष्ट माणसाच्या तोंडात काहीही ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. १०८ ला फोन करा किंवा रिक्षात घालून जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या, आणि जे खाल्लं असेल त्याची फांदी किंवा फोटो बरोबर घ्या. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७ वर डॉक्टर असो वा घरचं माणूस, कुणीही विचारू शकतं. रुग्णालयात वेळेत पोचला तर कोळशाची पूड देतात, अंग पुसून ताप उतरवतात, लघवीची नळी घालतात, शांत करणारं इंजेक्शन देतात. फायसोस्टिगमीन नावाचं उतारा-औषधही आहे, पण ते सगळीकडे मिळत नाही आणि सगळ्यांना देण्यासारखंही नाही.

आता राडारोडांच्या प्रश्नाबद्दल. बॉल काढताना पान घासलं म्हणून कुणी कॅज्युअल्टीत येत नाही. पण दहा वर्षांखालचं पोर काटेरी बोंड फोडून बी चाखणार नाही याची खात्री मी देऊ शकत नाही. खेळायच्या जागेलगत असेल तर काढा.

कोथिंबीर_वडी | मंगळवार, दुपारी ३:४५

बाप रे. डॉक्टर, बी दिसते कशी? मिरचीच्या बीसारखी असते म्हणतात ते खरं का?

निशाचर_डॉक्टर | मंगळवार, दुपारी ४:०२

एमबीबीएसच्या तोंडी परीक्षेतला हमखास प्रश्न आहे हा. समोर दोन बशा ठेवतात. मिरचीची बी लहान, पातळ, फिकट पिवळी आणि तिखट. धोतऱ्याची मोठी, जाडसर, तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराची आणि कडू. उभी कापून भिंगाखाली धरली तर आतला कोंभ मिरचीत आत वळलेला आणि धोतऱ्यात बाहेर वळलेला दिसतो. (चव घेऊन ओळखायची नाही, हे परीक्षकही सांगतात!)

भारतातल्या फॉरेन्सिकच्या पुस्तकांत धोतऱ्याला ‘रोड पॉयझन’ म्हणतात. वाटसरूला खाण्यातून घालायचं आणि लुटायचं. मारण्याचा हेतू सहसा नसतो, माणूस भ्रमात गेला की काम झालं. मागाहून त्याला धड काही आठवतही नाही, त्यामुळे साक्ष कसली देणार? ‘अनोळखी व्यक्तीने दिलेले खाद्यपदार्थ खाऊ नका’ ही स्टेशनवरची सूचना उगाच नाही. हल्लीचे चोर झोपेच्या गोळ्या वापरतात, पण युक्ती जुनीच.

गिरगावकर_आजोबा | मंगळवार, संध्याकाळी ७:२६

डॉक्टर म्हणतात ती युक्ती किती जुनी, ते सांगतो, आणि त्याचा आपल्या मुंबईशी संबंध आहे.

गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. १५५४ च्या सुमारास त्याला मुंबई बेट भाडेपट्ट्याने मिळालं. हो, अख्खं बेट! आज फोर्टात एशियाटिकच्या टाऊन हॉलमागे जो नौदलाचा भाग आहे, त्या बाजूला त्याची हवेली होती. पुढे इंग्रजांनी तिच्याभोवतीच किल्ला वाढवला. या गृहस्थाने हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर संवादाच्या रूपात एक ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ साली गोव्यात छापला. त्यात एक प्रकरण धोतऱ्यावर आहे. एका घरातली मोलकरीण मालकिणीला धोतरा घालते, किल्ल्या घेते आणि दागिने घेऊन पळते. वैद्याला बोलावणं येतं. जाऊन बघतो तर बाई हसत सुटलेली, घरातून काय गेलं याची तिला फिकीरच नाही.

म्हणजे साडेचारशे वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि गुन्ह्याची रीत तीच. ओर्ता १५६८ ला वारला. तो मूळचा ज्यू घराण्यातला. गुप्तपणे जुना धर्म पाळल्याचा ठपका ठेवून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १५८० साली त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. धोतऱ्याशी याचा संबंध नाही, पण ओर्ताचं नाव निघालं की मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चाळकरी | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

आजोबा, तुमच्यासाठी धागा वर ठेवतो. _/\_

बोरिवलीची_बाय | मंगळवार, रात्री १०:१२

स्पर्शाने काही होतं का, असं धागाकर्त्याने विचारलंय. आमच्या घरातली गोष्ट सांगते.

दोन-तीन वर्षांपूर्वीचा गणपती. हरतालिकेच्या दिवशी मावशी सकाळपासून पत्री निवडत बसली होती. दुर्वा, शमी, आघाडा, धोतरा वगैरे एकेकाच्या जुड्या बांधत होती. दुपारी म्हणाली, एका डोळ्याने धूसर दिसतंय. पाहिलं तर उजव्या डोळ्याची बाहुली मोठी, डावी नेहमीसारखी. बाकी काही नाही, डोकं दुखत नाही, बोलणं नीट, हातपाय नीट. पण साठीतली बाई, रक्तदाब असलेली. घरात रडारड. अर्धांगाचा झटका म्हणून एका रुग्णालयात नेलं, मेंदूचा स्कॅन झाला, तो स्वच्छ आला. सगळे गोंधळलेले. शेवटी डोळ्यांची एक तरुण डॉक्टर आली. तिने पहिला प्रश्न विचारला, “आज सकाळी हाताने काय काम केलं?” पत्री म्हटल्यावर तिने यादीच विचारली आणि धोतऱ्याचं नाव ऐकून हसली. देठ मोडताना लागलेला रस बोटावर, बोट डोळ्यात. तीन-चार दिवसांत बाहुली आपोआप जागेवर आली.

तेव्हापासून आमच्याकडे पत्री निवडायची तर आधी चष्मा आणि मग साबण.

निशाचर_डॉक्टर | मंगळवार, रात्री १०:५०

ती डॉक्टर हुशार निघाली! याची खातरजमा करायची सोपी रीत आहे. पायलोकार्पिनचे थेंब घातले की एरवी बाहुली लहान होते, पण अ‍ॅट्रोपिनने अडवलेली बाहुली हलत नाही. मज्जातंतूवर दाब आल्याने मोठी झालेली असेल तर ती आकसते. तरीही बोरिवलीताई, तुम्ही स्कॅनला नेलंत तेच योग्य. एक बाहुली अचानक मोठी झाली तर घरी बसून धोतऱ्यावर ढकलू नये.

पूर्वी रासायनिक तपासणीत याच गुणाचा उपयोग करायचे. मृताच्या पोटातल्या द्रवाचा अर्क काढून थेंबभर मांजराच्या डोळ्यात घालायचे आणि बाहुली मोठी होते का ते बघायचे. आता यंत्रं आहेत, मांजरं सुटली.

बिनधास्त_०७ | बुधवार, सकाळी ११:३३

एक विचारू? कॉलेजमधली पोरं म्हणतात धोतरा म्हणजे महादेवाचा प्रसाद, भांगेसारखंच, नॅचरल असतं, काही होत नाही. थोडंसंच घेतलं तर?

निशाचर_डॉक्टर | बुधवार, सकाळी ११:५८

विचारलंस ते बरं केलंस.

भांग आणि धोतरा यांचं नातं देवळाच्या पायरीपर्यंतच. अंगात गेल्यावर दोघांचा काही संबंध नाही. धोतऱ्याने मजा येत नाही. ज्याला ‘दिसतं’ त्याला ते खरंच वाटतं, आपण नशेत आहोत हे कळतच नाही. असा मुलगा गच्चीच्या कठड्यावर चढतो, रुळांवरून चालत जातो, ओळखीच्या माणसावर धावून जातो. होळीला ठंडाईत कुणीतरी गंमत म्हणून धोतरा घातल्याने आख्खा घोळका रुग्णालयात आल्याचं पाहिलंय. हात-पाय बांधलेले, नळ्या घातलेल्या, आईला ओळखत नाहीत. एकदा घेतलेला सहसा परत घेत नाही, यातच काय ते समज.

आणि नॅचरल म्हणशील तर फुरसं पण नॅचरल आहे.

संपादक | बुधवार, दुपारी १२:१५

प्रमाण, कृती, ‘कसं घ्यायचं’ असे प्रतिसाद उडवले जातील. दोन उडवलेत.

हिरडा_बेहडा | बुधवार, दुपारी २:०७

मी वैद्य आहे, डोंबिवलीत प्रॅक्टिस करते. धोतऱ्याला नुसतं विष म्हणून मोडीत काढू नये म्हणून लिहिते. आयुर्वेदात तो उपविषांत गणला जातो आणि शोधन, म्हणजे विषारीपणा कमी करण्याची प्रक्रिया, केल्याशिवाय वापरायचा नाही असा दंडक आहे. दम्यावरच्या कनकासवात तो असतो. औषध कायद्याच्या नियमांत विषारी द्रव्यांचं ई-१ नावाचं परिशिष्ट आहे, त्यात धोतऱ्याचं नाव आहे आणि असं औषध वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं अशी सूचना बाटलीवर छापावी लागते. तेव्हा शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून पानाची विडी ओढणं, बिया तेलात उकळून कानात घालणं, हे आयुर्वेद नव्हे.

निशाचर_डॉक्टर | बुधवार, दुपारी २:४०

सहमत. आमच्याकडेही तेच. दम्याचा जो इप्राट्रोपियमचा पंप देतो ते औषध अ‍ॅट्रोपिनवरूनच बेतलेलं. शेतात फवारणी करताना ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक अंगात गेलं की माणूस लाळ-घामाने निथळतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. नेमकं उलटं चित्र, आणि त्याला वाचवतं ते अ‍ॅट्रोपिन. गाडी लागते त्यांच्यासाठी कानामागे लावायची पट्टी असते, तीत स्कोपोलामिन. फरक इतकाच की तिथे किती जातंय ते मोजलेलं असतं.

देशी_वाण | बुधवार, संध्याकाळी ६:१८

मूळ मुद्दा राहिलाच. धोतरा आपला नाहीच! सगळी डाटुरा प्रजात अमेरिकेतली. इनॉक्सिया मेक्सिकोकडचा. घाणेरी, रानमोडी, गाजरगवत यांच्यासारखाच उपरा. तेव्हा ‘शंकराचं झाड’ वगैरे भावनेत न जाता उपटा.

गिरगावकर_आजोबा | बुधवार, संध्याकाळी ७:०५

जरा थांबा. कोलंबस १४९२ ला निघाला. सुश्रुतसंहिता तेव्हा अमेरिकेचं नाव कुणी ऐकलं नव्हतं तेव्हाची, आणि धोतरा तिच्यात आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चावण्यावर. तो मग आला कुठून?

पतंग्या | बुधवार, रात्री ८:३३

दोघांचंही खरं आहे, म्हणून तर हे कोडं रंगतदार. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतात प्रजात अमेरिकेची, तिचे रानटी भाऊबंद सगळे तिकडेच. पण आर. गीता आणि वलीद घरैबेह यांनी २००७ साली जुने संस्कृत, अरबी वगैरे उल्लेख आणि शिल्पं तपासून मांडलं की डाटुराची निदान एक जात कोलंबसाच्या फार आधी, उशिरात उशिरा चौथ्या शतकापर्यंत, इकडे पोचलेली होती. ती बहुधा मेटेल, म्हणजे देवळातला धोतरा. राडारोडांच्या ढिगावरचा इनॉक्सिया ही वेगळी जात. आपण दोघांनाही एकच नाव देतो आणि महादेवही दोन्ही स्वीकारतो.

अस्सल देशी आणि त्याच कुळातलं हवं असेल तर भुईरिंगणी पाहा. कोरड्या उघड्या जमिनीवर पसरलेली, पानांवरसुद्धा पिवळे काटे, जांभळं फूल, कच्चं फळ हिरव्यावर पांढऱ्या रेघांचं आणि पिकलं की पिवळंधमक. दशमुळांत जी कंटकारी ती हीच, आणि तिची जोडीदार बृहती म्हणजे डोरली. गावाकडे दाढ दुखली की रिंगणीच्या बियांची धुरी देतात आणि ‘कीड पडली’ म्हणून दाखवतात. दातात तशी कीड नसते, पण ते सांगायला गेलात तर गावात वाईटपणा येतो.

देशी_वाण | बुधवार, रात्री ८:५०

बरं. तरी उपटा.

सोनटक्का | बुधवार, रात्री ९:१४

मी पहिल्या दिवशी ‘जपून वागता येतं’ म्हटलं होतं, अजूनही म्हणते. रुळाकडेला, नाल्यावर आहे तो राहू दे. तिथे पतंगांचं पोट भरतंय. खेळाच्या मैदानाला खेटून नको, इतकंच. आणि खरं सांगू का, त्या झुडपापेक्षा मला पत्रीच्या जुडीची काळजी वाटते. झुडूप ओळखता येतं. जुडीत एकवीस पानं एकत्र बांधलेली, त्यात धोतरा आहे, कण्हेर आहे, डोरलीही आहे. ती आपण स्वयंपाकघराच्या ओट्यावर कोथिंबिरीशेजारी आणून ठेवतो.

राडारोडा | गुरुवार, रात्री १०:०२

सगळ्यांचे आभार. आज कमिटीची मीटिंग झाली. डॉक्टरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. दोऱ्यांचा परिच्छेद ऐकून शंकराचा तट गप्प झाला. अ‍ॅसिड रद्द. माळ्याला हातमोजे घालून रविवारी उपटायला सांगितलंय. महापालिकेची डेब्रिज उचलायची सेवा असते, तिथे ढिगासाठी अर्ज करायचं ठरलं. पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना पत्रीसाठी पानं हवीत, ती त्यांनी स्वतः तोडावीत अशी तडजोड निघाली.

उपटल्यावर करायचं काय त्याचं? ओल्या कचऱ्यात टाकलं तर चालेल?

पतंग्या | गुरुवार, रात्री १०:२०

बोंडं आधी, हिरवी असतानाच कापा. सुकून फुटली की बिया सांडतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतात, तेव्हा पुढच्या पावसाळ्यात त्या जागेवर नजर ठेवा. बोंडं पिशवीत घालून तोंड बांधा आणि सुक्या कचऱ्यात वेगळी द्या, पिशवीवर मार्करने ‘विषारी’ लिहून. सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकू नका. जाळू तर मुळीच नका, धुरातूनही विष जातं. गुरं-शेळ्या येतात तिथेही फेकू नका. अळी सापडली तर मला निरोप करा, मी ठाण्याहून येऊन घेऊन जातो.

कोथिंबीर_वडी | गुरुवार, रात्री १०:४४

आम्ही पत्री दादरहून आणतो, केशवसुत पुलाखालून. जुडीतलं धोतऱ्याचं पान ओळखायचं कसं? सासूबाई ओळखायच्या, मला कळत नाही.

बोरिवलीची_बाय | गुरुवार, रात्री ११:०६

जुडीतलं बहुतेक सगळ्यात मोठं मऊ पान तेच असतं. तळव्याएवढं, कडा थोड्या नागमोडी, देठाशी दोन्ही बाजू सारख्या जुळत नाहीत. जरा चुरगळलं की उग्र वास येतो, नाक मुरडावंसं वाटेल असा. डोरलीच्या पानालाही कडा असतात, पण तिला काटे असतात. विकणाऱ्या बाईंना विचारा, त्या कर्जत-शहापूरकडून येतात, त्यांना डोळे मिटून कळतं. घरी आणल्यावर धोतरा आणि कण्हेर वेगळ्या कागदात बांधून देव्हाऱ्याजवळ ठेवा, ओट्यावर नको. निवडताना डोळ्यांना हात नको. पूजा झाली की निर्माल्याच्या पिशवीत, आणि हात साबणाने. पाणी ओतून नुसते ओले केले तर चालत नाही, मावशीने तेच केलं होतं.